गुत्त्यातले न्यायासन : लँग्ट्रीच्या ‘जर्सी लिली’ची हकीकत

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या अगदी सरहद्दीला लागून, लँग्ट्री नावाचे एक लहानसे खेडे आहे. खेड्याच्या दक्षिणेला रिओ ग्रँड नदी खोल दरीतून वाहते, नदीपलीकडे मेक्सिको. आजूबाजूला चुनखडीचे उघडे माळ, निवडुंग आणि काटेरी झुडपे. पाऊस बेताचाच. अशा या ठिकाणी सरकारने एक बसकी लाकडी इमारत जपून ठेवली आहे. इमारत कसली, पुढे ओसरी असलेली एक मोठी खोलीच म्हणा ना! तिच्या दर्शनी भागावर ‘जर्सी लिली’ असे नाव आहे आणि त्याच्या आसपास आणखी काही पाट्या आहेत: ‘जज्ज रॉय बीन, नोटरी पब्लिक’, ‘जस्टिस ऑफ द पीस’, ‘पेकोसच्या पश्चिमेचा कायदा’ आणि ‘बर्फातली बीअर’. कायदा आणि बीअर एकाच भिंतीवर!

हा दारूचा गुत्ता होता आणि हेच तेथले न्यायालयही होते. गुत्त्याचा मालक रॉय बीन हाच न्यायाधीश. १८८२ ते १९०३ या सुमारे वीस वर्षांतील त्याच्या करामतींवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. १९४० सालच्या ‘द वेस्टर्नर’ या चित्रपटात वॉल्टर ब्रेनन याने बीनची भूमिका केली आणि सहायक अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळवले. १९७२ साली जॉन ह्यूस्टन याने काढलेल्या चित्रपटात पॉल न्यूमन बीन झाला. या सर्वांतून बीनची जी प्रतिमा तयार झाली, ती ‘दिसला की लटकव’ अशा फाशीबहाद्दर न्यायाधीशाची. ती चुकीची आहे. फाशीबद्दल खरी प्रसिद्धी होती ती आर्कान्सॉ राज्यातील फोर्ट स्मिथ येथील संघीय न्यायाधीश आयझॅक पार्कर याची. १८७५ ते १८९६ या काळात त्याने १६० जणांना देहान्ताची शिक्षा सुनावली आणि त्यांपैकी ७९ जण प्रत्यक्ष फासावर गेले. बीनला एकालाही फाशी देण्याचा अधिकारच नव्हता. मग त्याला कसला अधिकार होता, तो त्याने कसा वापरला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच. बीनच्या विनोदी गोष्टी आपण ऐकणारच आहोत. पण प्रत्येक गोष्टीला तेव्हाचा कायदा लावून पाहायचा, म्हणजे ती कुठे खरी वाटते, कुठे फुगवलेली वाटते आणि कुठे हसू येत नाही, हे ध्यानात येईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गुत्त्यात न्यायालय भरणे ही अमेरिकेत मुळीच नवलाची बाब नव्हती. वसाहतींच्या काळापासून नवा परगणा स्थापन झाला, की कोर्टाची पहिली बैठक एखाद्या मोठ्या घरात नाही तर टॅव्हर्नमध्ये भरत असे. टॅव्हर्न म्हणजे नुसते दारूचे दुकान नव्हे. तिथे मुक्कामाची सोय, जेवण, घोड्यांना दाणावैरण, टपाल, बातम्या आणि निवडणुकीची भाषणे हे सगळे एका छपराखाली असे. टॅव्हर्नला परवाना परगण्याचे कोर्ट देई आणि केंटकीसारख्या प्रांतात तर जेवणाचे, बिछान्याचे व दारूचे दरही कोर्टच ठरवून देई. म्हणजे कायद्याने टॅव्हर्नवर नजर ठेवायची आणि टॅव्हर्नने कायद्याला छप्पर द्यायचे, असा तो व्यवहार होता. वस्ती जसजशी पश्चिमेकडे सरकली तसतशी मुक्कामाची सोय वेगळी झाली आणि उरला तो निव्वळ पिण्याचा ‘सलून’. पण नव्या वस्तीतील सर्वांत मोठे छप्पर, सर्वांत लांब टेबल आणि हुकमी गर्दी ही अजून त्याच्यापाशीच होती.

पेकोस नदीच्या पश्चिमेला ही गर्दी आणली ती आगगाडीने. कॅलिफोर्नियातून दक्षिण टेक्सासमार्गे मेक्सिकोच्या आखातापर्यंत जाणारा लोहमार्ग १८८२ साली दोन्ही बाजूंनी बांधला जात होता. पश्चिमेकडून ‘सदर्न पॅसिफिक’च्या टोळ्या येत होत्या, त्यांत चिनी मजूर हजारोंनी होते. पूर्वेकडून, सॅन अँटोनिओच्या बाजूने, आयरिश, मेक्सिकन व इतर मजूर होते. कड्याकपारी फोडायच्या, बोगदे काढायचे, दऱ्यांवर पूल टाकायचे, असे ते जिवावरचे काम होते. पगार झाला की तंबूंच्या वस्तीत दारू, जुगार आणि मारामाऱ्या. रेंजर दलाला गुन्हेगार पकडता येत. पण पकडून न्यायचे कुठे? परगण्याचे ठाणे फोर्ट स्टॉकटन येथे, शंभराहून अधिक मैलांवर. मधे रस्ता नाही, पाणी नाही. एका दारुड्याला तिथवर न्यायचे म्हणजे दोन रेंजर आणि चार घोडे कित्येक दिवस गुंतवायचे. म्हणून रेंजरांनीच मागणी केली, की इथल्या इथे एक न्यायाधीश नेमा. २ ऑगस्ट १८८२ रोजी पेकोस परगण्याने ही नेमणूक केली. नेमला गेलेला गृहस्थ वस्तीतल्या एका तंबूत दारू विकत होता. त्या वस्तीचे नाव होते ‘व्हिनेगारून’. विंचवासारखा दिसणारा आणि डिवचला की शिर्क्याच्या वासाचा फवारा सोडणारा एक प्राणी तिकडे असतो, त्याचे नाव वस्तीला मिळाले होते.

रॉय बीन तेव्हा सत्तावन्नच्या आसपासचा होता. जन्म केंटकीतला, साधारण १८२५ चा. थोरला भाऊ जॉशुआ हा सॅन दिएगो शहराचा पहिला महापौर. दुसरा भाऊ सॅम न्यू मेक्सिकोत शेरीफ. रॉय मात्र जाईल तिथून पळ काढणारा. मेक्सिकोतल्या चिवावातून पळाला, सॅन दिएगोत घोड्यावरून द्वंद्व खेळल्याबद्दल १८५२ साली तुरुंगात पडला आणि तिथूनही निसटला. कॅलिफोर्नियात आपल्याला झाडाला टांगले होते आणि एका बाईने दोर कापून वाचवले, असे तो सांगे. त्याच्या पूर्वायुष्यातील निम्म्या गोष्टींचा साक्षीदार तो स्वतःच आहे, हे विसरू नये. पुढे सॅन अँटोनिओत त्याने पंधरा-वीस वर्षे काढली, १८६६ मध्ये व्हर्जिनिया चावेझ या मेक्सिकन वंशाच्या मुलीशी लग्न केले, लाकडे विकली, दूध विकले. दुधात छोटे मासे सापडले तेव्हा ‘आता गाईंना ओढ्यावर पाणी पाजणे बंद केले पाहिजे’ असे उत्तर त्याने दिले म्हणतात. त्याच्या शेजाऱ्यांना तो तिथून जायला हवाच होता. एका दुकानदारणीने त्याचे सगळे चंबूगबाळे ९०० डॉलरना विकत घेऊन त्याला वाटेला लावले, अशी हकीकत आहे. असा माणूस न्यायाधीश झाला. त्याच्यापाशी कायद्याचे पुस्तक एकच होते: टेक्सासच्या कायद्यांची १८७९ सालची आवृत्ती. नव्या आवृत्त्यांकडे तो ढुंकूनही पाहत नसे, असे सांगतात.

‘जस्टिस ऑफ द पीस’ हे पद मुळात इंग्लंडचे. आपल्याकडे मुंबईत ‘जे. पी.’ ही अक्षरे नावापुढे लावणे हा मोठा मान समजला जाई, ते हेच पद. मात्र मुंबईचे जे. पी. म्हणजे शेठ-सावकार आणि नामांकित नागरिक, टेक्सासचा जे. पी. हा न्यायव्यवस्थेची सर्वांत खालची पायरी. १८७६ च्या राज्यघटनेने त्याच्या अधिकाराची हद्द आखून दिली होती. ज्या गुन्ह्याला २०० डॉलरपर्यंत दंड, तेवढेच गुन्हे त्याने चालवायचे. दिवाणी दावेही २०० डॉलरपर्यंतचेच. पदसिद्ध म्हणून तो नोटरीही असे. पाटीवरच्या ‘नोटरी पब्लिक’ या शब्दांचे रहस्य एवढेच आहे, बीनने त्यासाठी वेगळे काही केले नव्हते. बेवारस प्रेत सापडले तर पंचनामा त्यानेच करायचा. लग्ने तो लावू शके. घटस्फोट देऊ शकत नसे. खुनासारखा भारी गुन्हा असेल तर त्याने फक्त प्राथमिक चौकशी करून आरोपीला वरच्या कोर्टाकडे पाठवायचे किंवा सोडून द्यायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला ठराविक पगार नसे. कामागणिक फी मिळे. ही चौकट डोळ्यांपुढे ठेवली म्हणजे बीनच्या गोष्टी निराळ्या दिसू लागतात.

सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मेलेल्या माणसाची. पुलावरून पडून एक जण मेला. पंचनामा करताना त्याच्या खिशात ४० डॉलर आणि एक पिस्तूल सापडले. परवानगीवाचून लपवून शस्त्र बाळगल्याबद्दल बीनने त्या प्रेताला ४० डॉलर दंड केला आणि पिस्तूल जप्त केले! गोष्ट ऐकून कुणीही हसेल. पण बीनच्या बाजूने सांगणारे म्हणतात, की त्या पैशातून त्याने मयताच्या दफनाचा खर्च केला. मला ही गोष्ट मुळातून खरी असावीशी वाटते, कारण तिच्यातला प्रत्येक दुवा पदाच्या कक्षेतला आहे: पंचनामा त्याचा, लपवलेल्या शस्त्राचा गुन्हा त्याच्या दंडाच्या मर्यादेतला, आणि बेवारस प्रेताच्या मातीचा खर्च कुणीतरी करायलाच हवा होता. परगण्याकडे बिल पाठवून वाट पाहत बसण्यापेक्षा त्याने हा मार्ग काढला. फक्त आरोपी जिवंत असावा लागतो, एवढी बाब त्याच्या नजरेतून सुटली.

लग्न पाच डॉलरला आणि घटस्फोट दहाला, असा त्याचा दर होता म्हणतात. घटस्फोटाचा अधिकार नाही असे कुणी म्हटले, तर मी लावलेले लग्न चुकले असेल तर ते दुरुस्त करण्याचा अधिकार मला नको का, असा त्याचा प्रतिप्रश्न. लग्न लावून झाले की देहान्ताची शिक्षा सुनावताना उच्चारतात ते ‘परमेश्वर तुमच्या आत्म्यावर दया करो’ हे वाक्य तो म्हणे. यातला विनोद मान्य. परंतु पगार नसलेल्या, फीवर जगणाऱ्या अधिकाऱ्याने फीच्या नव्या वाटा शोधाव्यात, हे पदाच्या रचनेतच होते. बीनने ते लपवले नाही इतकेच.

लँग्ट्रीत तुरुंग नव्हता. त्यामुळे शिक्षा म्हणजे दंड आणि दंड म्हणजे बहुधा आरोपीच्या खिशात असेल तेवढी रक्कम. ही रक्कम कायद्याने वर पाठवायची असते. बीन ती पाठवीत नसे. माझे कोर्ट स्वतःच्या खर्चाने चालते, असे त्याचे म्हणणे. ज्यूरी हवी असेल तर ती गुत्त्यात बसलेल्या गिऱ्हाइकांतूनच निवडायची, मधल्या सुटीत ज्यूरीने पेय विकत घ्यायचे आणि न घेणाऱ्याने पुन्हा ज्यूरीत बसण्याची आशा सोडायची. घोडेचोर फासावर जाईल अशी वाचकाची अपेक्षा. पण घोडा परत केला तर चोर सुटून जाई. आगगाडीच्या उतारूंचे हाल मात्र विचारू नका. इंजिन पाणी भरीपर्यंत गाडी थांबायची. तहानलेला उतारू धावत गुत्त्यात येई, बीअर मागे, वीस डॉलरचे सोन्याचे नाणे टाके. बीन सुटे पैसे आणायला इतका वेळ लावी, की गाडीची शिट्टी होई. उतारू शिव्या देऊ लागला, की न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंड. आणि दंडाची रक्कम बरोबर उरलेल्या पैशांइतकी! ही गोष्ट प्रत्येक वेळी घडली नसेल. पण गुत्त्याचे अर्थशास्त्र तिच्यात नेमके आले आहे. मजूर काम संपताच निघून गेले होते. आता गिऱ्हाईक होते ते गाडीबरोबर येणारे आणि गाडीबरोबर जाणारे. पुन्हा कधी न भेटणाऱ्या माणसाला लुबाडायला भीती कसली?

इथवर हसण्यासारखे बरेच आहे. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. एका आयरिश मजुराने एका चिनी मजुराला गोळी घालून ठार केले. आरोपीला बीनपुढे आणले गेले आणि त्याच्या शे-दोनशे जातभाईंनी गुत्त्याला वेढा घातला. आरोपीला सोडले नाही तर बीनची धडगत नाही, असा त्यांचा पवित्रा. बीनने कायद्याचे पुस्तक उघडले, पाने उलटली आणि निकाल दिला: मनुष्याला मारणे हा मनुष्यवध होय, परंतु चिनी माणसाला मारू नये असा कायदा या पुस्तकात मला कुठे आढळत नाही. आरोपी सुटला. या गोष्टीचे निरनिराळे पाठ आहेत आणि तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. बीनच्या जवळजवळ प्रत्येक चरित्रात ती विनोद म्हणून येते. कित्येक पाठांत मारणाऱ्याचे नाव दिलेले असते. मेलेल्याचे नाव मात्र कुठेच सापडत नाही.

हिला आपली कसोटी लावू. खुनाचा खटला चालवण्याचा अधिकार बीनला नव्हता. त्याने फक्त प्राथमिक चौकशी करायची होती. तेव्हा ‘निर्दोष सुटला’ असे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक. अशा सुटकेनंतरही परगण्याच्या मोठ्या ज्यूरीला आरोपपत्र ठेवता आले असते. पण त्यासाठी फिर्यादी हवा, साक्षीदार हवेत आणि ते शंभराहून अधिक मैल जायला तयार हवेत. चिनी मजुरांच्या टोळीतून कोण जाणार? आणि गेला तरी त्याच्या शब्दाला किंमत किती, याचे उत्तर पश्चिमेकडच्या न्यायालयांनी आधीच दिलेले होते. १८५४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पीपल विरुद्ध हॉल’ या खटल्यात चिनी साक्षीदारांची गोऱ्या आरोपीविरुद्धची साक्ष अग्राह्य ठरवली. खुनाची शिक्षा झालेला आरोपी त्या निकालामुळे सुटला. हा निकाल देणारे न्यायाधीश गुत्त्यात बसत नव्हते. त्यांच्यापाशी एकच पुस्तक नव्हते. चांगले ग्रंथालय होते.

तारखांचाही मेळ घालून पाहा. बीनची नेमणूक २ ऑगस्ट १८८२ ची. त्याआधी तीनच महिने, ६ मे १८८२ रोजी, अमेरिकेच्या अध्यक्षांनी चिनी मजुरांना दहा वर्षे प्रवेशबंदी करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. याच कायद्याने चिनी माणसाला नागरिकत्व देण्याची दारेही बंद केली. ही बंदी पुढे वाढत गेली आणि १९४३ पर्यंत टिकली. म्हणजे ज्या हातांनी पेकोसच्या कपारी फोडल्या त्यांना मत नाही, आणि मत नाही म्हणून ज्यूरीत जागा नाही. १२ जानेवारी १८८३ रोजी पेकोसच्या पश्चिमेला, लँग्ट्रीहून थोड्याच अंतरावर, दोन्हीकडचे रूळ जुळले आणि चांदीचा खिळा ठोकून समारंभ झाला.

गुत्त्याच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. चिनी टोळ्या आपापला स्वयंपाकी ठेवीत आणि उकळलेला चहा पीत, असे आधीच्या सेंट्रल पॅसिफिक लोहमार्गाच्या बांधणीपासून नोंदलेले आहे. म्हणजे ते बीनचे गिऱ्हाईक नव्हते. आरोपी गिऱ्हाईक होता, बाहेरचा जमाव गिऱ्हाईक होता, आणि ज्यूरी बसवली असती तर तीही गिऱ्हाइकांचीच. बीन भित्रा होता, की धूर्त होता, की मनापासून तसेच मानीत होता, हा प्रश्न चरित्रकारांनी चघळावा. गुत्त्यातल्या न्यायालयात ज्याचे खाते नाही त्याचा वाली कुणी नव्हता, एवढे इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवले तरी पुरे. याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. कायद्याच्या पुस्तकात चिनी माणूस सापडत नाही हे खरे नव्हते. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण ‘नागरिकाला’ नव्हे, ‘कोणत्याही व्यक्तीला’ दिले होते. आणि १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चिनी परटाच्या खटल्यात, ‘यिक वो विरुद्ध हॉपकिन्स’मध्ये, संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चिनी माणूस या शब्दांत बसतो असे स्पष्ट सांगितले. तेव्हा बीन वॉशिंग्टनपासून फार दूर होता असे म्हणून त्याला सोडता येत नाही. कॅलिफोर्नियाचे न्यायाधीशही त्याच्याइतकेच दूर होते.

१८९३ मध्ये शिकागो येथे फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण इतिहासकाराने आपला प्रसिद्ध निबंध वाचला. मोकळ्या जमिनीच्या सरहद्दीने अमेरिकन माणसाला स्वावलंबी व लोकशाहीवादी बनवले, हा त्याचा सिद्धान्त आपल्या बी. ए. च्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. १८९० च्या शिरगणतीने सरहद्दीची रेषा संपल्याचे जाहीर केले, त्या आधारावर तो निबंध उभा होता. त्या वेळी ‘जर्सी लिली’चा धंदा जोरात चालू होता. टर्नरच्या सिद्धान्ताला पुरावा म्हणून हा गुत्ता सोयीचाही आहे आणि अडचणीचाही. सोयीचा अशासाठी, की लोकांनी वरून काही यायची वाट न पाहता आपले न्यायालय आपणच चालवले. अडचणीचा अशासाठी, की ‘लोक’ म्हणजे कोण, हे त्या ओसरीवरच ठरत होते.

खुद्द बीनची जमीनही कायद्याची नव्हती. लँग्ट्रीत मूळ जमीनमालकाचा स्वतःचा गुत्ता होता. त्याने लोहमार्गाला जमीन विकताना तिचा कोणताही तुकडा बीनला देऊ नये अशी अट घातली, असे सांगतात. तेव्हा बीनने रुळालगतच्या, करारातून सुटलेल्या पट्टीवर बैठक मारली. ‘पेकोसच्या पश्चिमेचा कायदा’ वीस वर्षे अतिक्रमणावर उभा होता! निवडणुकांत तो १८८४ साली जिंकला, १८८६ साली हरला. लगेच दुसऱ्या वर्षी परगण्याने नवा विभाग पाडून त्याला पुन्हा नेमले. १८९६ साली तो पुन्हा हरला, तेव्हा मात्र त्याने शिक्का आणि पुस्तक देण्यास नकार दिला आणि रुळांच्या उत्तरेकडचे खटले आपण चालवणार असे जाहीर करून टाकले.

त्याच १८९६ सालची मुष्टियुद्धाची हकीकत सरहद्द या शब्दाचा अर्थ उत्तम रीतीने सांगते. बॉब फिट्झसिमन्स आणि पीटर माहर यांची मोठी लढत ठरली होती. टेक्सासने खास अधिवेशन बोलावून बक्षिसाच्या मुष्टियुद्धांवर बंदी घातली. संघराज्याने न्यू मेक्सिकोसारख्या प्रदेशांत बंदी केली. मेक्सिकोनेही विरोध दर्शवला. एल पासो शहरात रेंजर येऊन बसले. अखेर प्रेक्षकांना आगगाडीत घालून रात्रीतून शेकडो मैल लांब नेण्यात आले. कुठे? लँग्ट्रीला. २१ फेब्रुवारी १८९६ रोजी रिओ ग्रँडच्या पात्रात, मेक्सिकोच्या बाजूच्या एका वाळूच्या पट्ट्यावर, आखाडा उभारला गेला. रेंजर टेक्सासच्या काठावरच्या कड्यावर उभे. समोर गुन्हा घडतो आहे, पण तो त्यांच्या हद्दीत नाही. मेक्सिकोचे शिपाई कुठे तरी दूर. लढत १ मिनिट ३५ सेकंदांत संपली, फिट्झसिमन्स जिंकला, आणि येताना व जाताना दोन्ही वेळा प्रेक्षक बीनच्या गुत्त्यात थांबले. त्याचा खरा फायदा तिथे झाला.

गुत्त्याच्या नावाबद्दल दोन शब्द. लिली लँग्ट्री ही जर्सी बेटावरची प्रख्यात इंग्लिश नटी. बीन तिच्या चित्रांवर लुब्ध होता, आणि गावाला आपण तिचे नाव दिले असे तो सांगे. वस्तुतः गावाला नाव मिळाले ते जॉर्ज लँग्ट्री या लोहमार्गावरच्या अधिकाऱ्याचे. तो तिथल्या चिनी मजुरांच्या टोळ्यांवर देखरेख करीत असे. गुत्त्याचे नाव मात्र खरोखर तिच्यावरून. रंगवणाऱ्याने ‘लिली’त एक ‘ल’ जास्त घालून ठेवला. बीनने तिला पत्रे लिहिली. एकदा तिने गावासाठी पिण्याच्या पाण्याचे कारंजे देऊ केले, तेव्हा इथले नागरिक काय वाटेल ते पितात, फक्त पाणी पीत नाहीत, असे त्याने कळवले. ही आठवण तिने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात दिली आहे.

१६ मार्च १९०३ रोजी बीन आपल्या गुत्त्यातच वारला. म्हातारपणी तो दंडाच्या पैशातून गरिबांना औषधे आणि थंडीत जळण देत असे, असे सांगणारेही होते. ते खोटे मानण्याचे कारण नाही. दहा महिन्यांनी, जानेवारी १९०४ मध्ये, लिली लँग्ट्रीची गाडी त्या स्थानकावर थांबली. गावकऱ्यांनी तिला गुत्ता दाखवला, बीनच्या गोष्टी सांगितल्या, त्याचे रिव्हॉल्व्हर भेट दिले, एक पाळीव अस्वलही देऊ केले. ते गाडीवर चढवताना निसटून पळाले. १९४३ साली सी. एल. सॉनिकसन यांनी बीनचे साधार चरित्र लिहून दंतकथा आणि कागदपत्रे वेगळी करण्याचा प्रयत्न केला. परंतु लोकांना दंतकथाच हवी होती.

बीनचे १९०० च्या सुमाराचे एक छायाचित्र अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. ‘जर्सी लिली’च्या ओसरीत पांढऱ्या दाढीचा न्यायाधीश बसला आहे, समोर माणसे आणि घोडे, घोडेचोराचा खटला चालू आहे. त्या भागात कायद्याचा दुसरा कोणीही अधिकारी नव्हता, असे त्याखाली नोंदलेले आहे. इमारत १९३९ साली टेक्सासच्या महामार्ग खात्याकडे आली आणि पुढे तिच्याशेजारी प्रवाशांसाठी माहिती केंद्र व निवडुंगांची बाग झाली. बीनचे अवशेष १९६४ मध्ये डेल रिओ येथील संग्रहालयाच्या आवारात हलवण्यात आले. लोहमार्ग अजून चालू आहे. मात्र वाफेची इंजिने गेली आणि गाड्यांचे लँग्ट्रीला पाण्यासाठी थांबणेही संपले.